तुम्ही विचारलंत म्हणून: फौजी माणूस खोटं कशाला बोलेल?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी बघून झाली, चहा फिरायला लागला, की मागून कोणीतरी विचारतंच. "सर, गावातल्या माणसाला उडती तबकडी दिसली तर सोडा. पण फौजेतल्या लोकांना दिसते, पायलटांना दिसते. ते कशाला खोटं बोलतील?"

नाहीच बोलत. हे आधी सांगून टाकतो, कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात दोनच शक्यता असतात: एक तर तबकडी, नाहीतर थाप.

अमेरिकेचे किस्से सगळ्यांना पाठ असतात. मी लडाखचा सांगतो. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंगहून आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून अलीकडे आली, असं त्यांचं म्हणणं. संशय चीनच्या टेहळणी ड्रोनचा, आणि त्या जागी तो यायलाच हवा. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना बोलावलं. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमाराला दिसायची ती पहाटे पाचपर्यंत. दुसरी पहाटे चारला यायची आणि दिवस चांगला वर येईस्तोवर, अकरापर्यंत, दिसायची. पहिली गुरू निघाली, दुसरी शुक्र.

इथे लोक हसतात. मला हसू येत नाही. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ, कोरडी; तिथला शुक्र म्हणजे आपल्याकडची धुरकट चांदणी नव्हे. गुरू त्या डिसेंबरात रोहिणीजवळ होता, पृथ्वीला जवळ आलेला, ऐन तेजात. आणि बघणाऱ्याला तिथे उभं कशासाठी केलंय? डोंगरापलीकडून काय येतं ते बघायला. मग डोंगरावर दिवा दिसला की तो पलीकडूनच आलेला असणार.

खरी गोम अंतराची आहे. नुसता प्रकाशाचा ठिपका किती लांब आहे हे डोळ्याला कळतच नाही. साठ कोटी किलोमीटरवरचा गुरू आणि दोन किलोमीटरवरचा ड्रोन, दोन्ही ठिपकेच. अंतर आपण पदरचं घालतो, आणि एकदा ते घातलं की वेग, आकार, सरहद्द ओलांडणं हे सगळं त्याच हिशेबाने ठरत जातं. त्यात अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावून बघितलं की तो सरकल्यासारखा वाटतो. गच्चीवर मी हे करून दाखवतो. "हलतोय, हलतोय" म्हणणाऱ्याला पाण्याच्या टाकीला डोकं टेकवायला लावतो आणि टाकीच्या कडेशी ठिपका जुळवून बघ म्हणतो. ठिपका थांबतो. माणूस जरा नाराज होतो.

दुसरी युक्ती घड्याळाची. तारा रोज साधारण चार मिनिटं आधी उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. ग्रह स्वतःही थोडे सरकतात, पण गुरूसारख्या संथ ग्रहाचं गणित फार वेगळं नसतं. नोंदवहीत रोजची वेळ अशी थोडीथोडी मागे सरकत असेल, तर ड्रोनवाल्यांची एवढी शिस्त मी तरी मानणार नाही.

पायलटांचं काय, असं लगेच येतं. अमेरिकी नौदलाच्या विमानातून २०१५ साली घेतलेला 'गोफास्ट' नावाचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेला असतो: समुद्राला चिकटून सुसाट जाणारा पांढरा ठिपका. नासाच्या समितीने २०२३ मध्ये पडद्यावरच्याच आकड्यांवरून साधी त्रिकोणमिती केली. विमान २५ हजार फुटांवर, ठिपका सुमारे १३ हजार फुटांवर, म्हणजे पाण्यापासून चांगला उंच. त्याचा वेग निघाला ताशी साधारण ६५ किलोमीटर. एवढा तर वारासुद्धा असतो. सुसाट होतं ते विमान. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची बाभळ मागच्या डोंगरावरून पळताना दिसते, तसंच हे.

सगळ्याच नोंदींचा निकाल असा लागत नाही. २०२१ च्या अमेरिकी अहवालात १४४ नोंदी होत्या आणि खात्रीने ओळख पटली फक्त एकीची: हवा गेलेला मोठा फुगा. बाकीच्यांबाबत माहितीच अपुरी होती. पण माहिती अपुरी आहे म्हणून ती जागा परग्रहवाल्यांना द्यायची, हे मला पटत नाही.

आणि समजावून सांगणाराही आपटतो. २०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल. रात्री पावणेआठच्या सुमाराला राज्यात ठिकठिकाणी लोकांना जळत जाणारे तुकडे दिसले आणि माझा फोन थांबेना. मी पुरणपोळीचा घास हातात धरून पहिल्या तिघांना "उल्का असेल" म्हणून मोकळा झालो. चौथी एक शाळकरी मुलगी होती. ती म्हणाली, "काका, मी भावाला हाक मारली, तो खालून वर आला, तरी ते चाललंच होतं." उल्का एवढा वेळ थांबत नाही. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. पहिल्या तिघांना मी नंतर फोन केले.

मागच्या हिवाळ्यातल्या कार्यक्रमाला साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार आले होते. लडाखला दोन हिवाळे काढलेले. माझं हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, रात्री दोन वाजता पोस्टवर तो गुरू आहे का शुक्र हे आम्ही ठरवायचं नसतं. दिसलं की कळवायचं. न कळवलेला एक ड्रोन निघाला तर?" यावर मला उत्तर नव्हतं, आणि मी शोधलंही नाही. त्यांना दुर्बिणीपाशी नेलं. गुरूचे चार चंद्र एका ओळीत होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "उद्या हा इथेच किती वाजता?"

"चार मिनिटं आधी."

त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं.