गिरकीची वाट

गेली काही वर्षे मी एका बातमीची वाट पाहत आहे आणि ही गोष्ट सहसा कुणाला सांगत नाही, कारण चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने ‘शक्तिमान’वरचा चित्रपट कधी येणार याची चौकशी करावी, हे ऐकणाऱ्यालाही अवघड जाते आणि विचारणाऱ्यालाही. पण १९९७ साली दूरदर्शनवर या अतिमानवी नायकाची मालिका सुरू झाली तेव्हा जे शाळकरी वयाचे होते, त्यांच्यापैकी बरेचजण आज याच चोरट्या प्रतीक्षेत असावेत, असा माझा दाट संशय आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चित्रपटाची रीतसर घोषणा झाली, तीही एका नव्हे तर तीन भागांची. सोबत छोटीशी झलक आली. तिच्यात नायकाचा चेहराच नव्हता. आम्ही मात्र ती थांबवून थांबवून पाहिली, गंगाधरच्या, म्हणजे शक्तिमान साध्या माणसाच्या वेशात वावरतो त्या रूपाच्या, चष्म्याची ओझरती खूण दिसताच एकमेकांना फोन केले आणि त्या मिनिटभराच्या शिदोरीवर पुढची वर्षे काढली. बातमीचा असा दुष्काळ पडला की चाहत्याला निराळीच विद्या अवगत होते. ‘लवकरच’ म्हणजे इतक्यात नाही, ‘पटकथेवर काम सुरू आहे’ म्हणजे काम थांबलेले आहे आणि ‘मोठ्या नटाशी बोलणी’ म्हणजे कुणीतरी कुणालातरी एकदा विचारले होते, असा कोश त्याच्या डोक्यात आपोआप तयार होतो. नटांची नावे अधूनमधून तरंगत येतात आणि प्रत्येक नावावर आठवडाभर वाद चालतो. त्यात मूळ शक्तिमान साकारणारे मुकेश खन्ना यांनीच, नट कितीही मोठा असला तरी त्याची प्रतिमा या भूमिकेला शोभली पाहिजे, असे उघडपणे सांगितल्यामुळे वादाला ज्येष्ठांचा आशीर्वादही मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्वतः पुन्हा तोच पोशाख चढवून समोर आले, तेव्हा क्षणभर काळजाचा ठोका चुकला. पण तो काही आम्ही वाट पाहत होतो तो चित्रपट नव्हता.

अशा वेळी मी इतरांच्या प्रतीक्षेकडे पाहून धीर धरतो. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६९ साली बंद पडली आणि तिच्यावरचा पहिला चित्रपट १९७९ साली आला. मधल्या दहा वर्षांत चाहते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे पत्रांचा एवढा पाऊस पाडला की १९७६ साली ‘नासा’च्या पहिल्या शटलला मालिकेतल्या यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले. म्हणजे चित्रपट मागणाऱ्यांच्या पदरात चित्रपटाआधी यान पडले! ते यान अवकाशात कधी गेले नाही, वातावरणातल्या चाचण्यांपुरतेच उडाले, हा भाग वेगळा. आमच्या पत्रांनी कशाला काही नाव मिळेल असे वाटत नाही, आणि आम्ही पत्रे लिहितही नाही.

खरे सांगायचे तर मला हवी आहे ती बातमी. चित्रपट हवा आहे का, याविषयी मी तितकासा ठाम नाही. चाहत्यांच्या गप्पांत दिग्दर्शक कोण, खर्च किती, हे प्रश्न फार उशिरा येतात. पहिला प्रश्न असतो, तो गिरकी घेणार का? एक हात वर करून स्वतःभोवती गरगर फिरत वर जाणारा तो माणूस आज पाहिला तर त्यातली तांत्रिक कारागिरी बेताचीच वाटते, पण त्या बेताच्या चित्रावर आम्ही आपापल्या पदरचे बरेच काही घातले होते. आता कोट्यवधी रुपये खर्चून ती गिरकी अगदी खरी करून दाखवली, तर आम्ही घातलेले ते सारे कुठे ठेवायचे? आणि गिरकी काढूनच टाकली, तर मग तिकीट कशाचे काढायचे? शिवाय पुढे आलेल्या दातांचा, बावळट गंगाधर आजच्या देखण्या नटाला कितपत झेपेल, ही चिंता वेगळीच. भागाच्या शेवटी आपली चूक कबूल करून शक्तिमानची माफी मागणारी मुले तर मोठ्या पडद्यावर हमखास गाळली जाणार, आणि मला नेमकी तीच पाहायची आहेत.

माझा एक शाळासोबती याच रोगाचा रुग्ण आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो, “काही कळलं का?” मी “नाही” म्हणतो आणि मग आम्ही संसाराच्या विषयांकडे वळतो. परवा मात्र तो थोडा थांबून म्हणाला, “समजा आला, तर जाशील?”

“पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला.”

“आणि नाही आवडला तर?”

“तीन भाग आहेत ना,” मी म्हणालो, “दुसऱ्याची वाट पाहू.”