तीन घड्यांचा रबरी हुड: मळणीपासून मेच्या उन्हापर्यंतची नोंद

हुड म्हणजे चौकटीबाहेरचा प्रकाश काचेवर पडू नये म्हणून लेन्सच्या तोंडावर बसवायचा आडोसा. साहित्य आधी. कॅमेरा कॅनन 1500डी, लेन्स दोन: 18-55 आयएस टू आणि 55-250 आयएस टू (हे आकडे मिमीमधल्या फोकल लेंथचे; आकडा लहान तितकं दृश्य रुंद). दोन्ही लेन्सचे फिल्टरचे आटे 58 मिमीचे, त्यामुळे एकच हुड दोन्हींवर बसतो. हुड तीन घड्यांचा, धातूच्या कड्याचा, बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो तसा. पट्टीने मोजला तर पूर्ण उघडल्यावर लेन्सच्या कडेपुढे 38 मिमी येतो, अर्धा 25 मिमी. तोंडाचा आतला व्यास 66 मिमी. ही तीन मापं लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच आहे.

बसवणं

या दोन्ही लेन्सचं तोंड फोकस करताना गोल फिरतं. पाकळ्यांचा हुड अशा लेन्सवर चालत नाही, कारण पाकळ्या तिरक्या होतात. रबरी हुड गोल असल्याने फिरला तरी फरक पडत नाही. पण बसवताना एक गोष्ट हमखास विसरते: लेन्सवरचं बटण आधी एमएफवर (हाताने फोकस) न्यायचं. एएफवर (आपोआप फोकस) असताना हुड पिळला तर तोंडाबरोबर आतल्या मोटरचे दातेही ओढले जातात. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी फोकस करताना करकर ऐकू येते.

लेन्सचे आटे प्लास्टिकचे, हुडचं कडं धातूचं. आटे तिरके चढले तर मरणार ते लेन्सचेच. कडं टेकवून आधी उलटं फिरवायचं. हलकी ‘टक’ लागली की आटे समोरासमोर आले, मग सुलटं. दोन बोटांनी फिरेल तेवढंच घट्ट करायचं. तरीही उन्हात कडं अडकलंच तर पकड नेहमी कड्यावर हवी. रबर धरून पिळलं तर रबर कड्यातून सुटून हातात येतं. कड्याभोवती भाजीच्या जुडीचं रबरबँड गुंडाळलं की बोटं घसरत नाहीत.

ऑक्टोबर: कोणती घडी कुठे

सोयाबीनची मळणी सुरू असताना पहिली चाचणी घेतली, पण मळणीयंत्रासमोर नाही. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीसमोर. हुडची कड चौकटीत आली की चित्राचे कोपरे काळे येतात. असे काळे कोपरे शोधायला सपाट, एकसारखी उजळ पार्श्वभूमी लागते; फुफाट्यात ते दिसत नाहीत. अपर्चर एफ/16 (लेन्सचं छिद्र बारीक), फोकस अनंतावर. मोकळ्या अपर्चरला कोपरे हळूच अंधारतात, तेव्हा वाटतं की लेन्सच तशी असेल. एफ/16 ला हुडची कड स्पष्ट उमटते आणि खरं काय ते कळतं.

व्ह्यूफाइंडरवर भरवसा ठेवू नका. 1500डीचा व्ह्यूफाइंडर चित्राचा साधारण 95 टक्के भागच दाखवतो आणि हुड नेमका उरलेल्या पाच टक्क्यांत बसतो. फोटो काढून, मोठा करून, चारही कोपरे पाहायचे.

निकाल असा. हुड मागे उलटलेला: 18 लाही साफ. अर्धा: 18 ला चारही कोपरे काळे, 24 पासून साफ. पूर्ण: 24 ला कोपरे जातात, 28 पासून साफ. मध्ये यूव्ही फिल्टर लावला की हुड पाचेक मिमी पुढे सरकतो. मग पूर्ण हुड 28 ला काठावर येतो आणि 35 पासूनच खात्रीचा. फिल्टर काढून टाकणं बरं. हुड लावल्यावर काचेला बोट किंवा काडी लागायची भीती तशीही कमी होते, आणि स्वस्त फिल्टर स्वतःच फ्लेअर (काचेवर थेट पडलेल्या उजेडाने चित्रात येणारा धूसरपणा) वाढवतो.

55-250 वर कोष्टकाची गरजच नाही. कायम पूर्ण.

हे आकडे या हुडचे आहेत. तुमच्या हुडचं तोंड 62 मिमी असेल तर कोपरे आधी जातील. निकॉनचा सेन्सर कॅननपेक्षा किंचित मोठा, म्हणून तीच 18 ची लेन्स तिथे थोडी जास्त रुंद पाहते आणि कोपराही थोडा आधी काळा पडतो. म्हणून चुन्याची भिंत प्रत्येकाने आपापली शोधावी. लेन्सच्या झूम रिंगवर 24 आणि 35 च्या मध्ये व्हाइटनरचा एक ठिपका दिला आहे: ठिपक्याच्या पुढे पूर्ण, 24 ते ठिपका अर्धा, 24 च्या अलीकडे उलटा. वावरात कोष्टक कोणी उघडत नाही.

उलटलेल्या हुडची एक अडचण आहे. 18-55 आयएस टूची फोकस रिंग म्हणजे लेन्सचं तोंडच, आणि उलटलेलं रबर नेमकं तिच्यावर पडतं. हाताने फोकस करायचा असेल तर बोटं रबरावर घसरतात.

डिसेंबर: पऱ्हाटीत, दक्षिणेकडे तोंड

हुड लावला की फ्लेअर गेला हा समज इथे मोडतो. विदर्भ साधारण 19 ते 21 अंश अक्षांशावर आहे. 21-22 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45-47 अंश वर असतो. वेचणीच्या ओळी दक्षिणेकडे तोंड करून टिपायच्या, कॅमेरा आडवा सरळ धरायचा, तर सूर्य लेन्सच्या अक्षापासून 45 अंशांवर आला. चौकटीबाहेर आहे, पण समोरच आहे.

हुडची सावली पूर्ण काच झाकते का, हे असं काढायचं: हुडच्या तोंडाचा व्यास अधिक काचेचा व्यास, त्याची निम्मी, भागिले हुडची लांबी. काच साधारण 40 मिमी धरली तर 66 अधिक 40 म्हणजे 106, निम्मे 53. भागिले 38 म्हणजे 1.39. हा ज्या कोनाचा टॅन्जंट तो कोन 54 अंश. सूर्य अक्षापासून 54 अंशांच्या पलीकडे असेल तरच पूर्ण उघडलेला हुड काच पूर्ण झाकतो. अर्ध्या हुडला हाच आकडा 65 अंशांच्या आसपास जातो.

म्हणजे डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेकडे पाहताना पूर्ण हुडही काचेचा निम्म्याहून थोडा जास्त भागच झाकतो. सकाळी सूर्य 30 अंशांवर असताना तर काचेची वरची 9 मिमीची पट्टी तेवढी सावलीत, बाकी उघडी. एवढ्याशा पट्टीसाठी हुड मिरवण्यात अर्थ नाही.

पडताळणी अशी केली. धुऱ्यावर ट्रायपॉड, मॅन्युअल, आयएसओ 100, एफ/8, शटर एकच ठेवून रॉ मध्ये चार फोटो: हुडशिवाय, अर्धा, पूर्ण, आणि पूर्ण हुड लावून शिवाय काचेवर वहीची सावली. चौकटीत एक उघडी काळी छत्री ठेवली. फ्लेअरचा खरा घाव रंगीत गोळ्यांवर दिसत नाही, काळ्या रंगावर दिसतो. पहिल्या फोटोत छत्री राखाडी आणि हिस्टोग्रामचा (उजेड-अंधाराच्या आलेखाचा) डावा, म्हणजे काळ्याचा कोपरा रिकामा. पूर्ण हुडने छत्री थोडी गडद झाली. वहीच्या सावलीने ती काळी झाली आणि हिस्टोग्राम डाव्या भिंतीला टेकला. अर्ध्या आणि पूर्ण हुडमधला फरक त्या मानाने फार थोडा.

पांढऱ्या बोंडांवर याचा परिणाम जास्त दिसतो. कापूस मुळातच उजळ. वरून धूसर प्रकाशाचा पडदा पसरला की बोंडाची घडी आणि तंतू एक होतात. नंतर संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवला तर पाकळ्या फाटक्या दिसतात.

वही, टोपी, तळहात, काहीही चालतं. सावली लेन्सच्या काचेवर पडली पाहिजे, हुडच्या रबरावर नव्हे. सोबत्याला समोरून काचेकडे पाहायला सांगा: काचेवरचा चकाकता चट्टा गेला की सावली बरोबर. एकटे असाल तर ट्रायपॉड लावून स्वतः पुढे जाऊन पाहा. चौकटीत वहीची कड येत नाही ना, तेही एफ/8 लाच तपासा.

सूर्य चौकटीतच असेल तर कोणताही हुड निरुपयोगी. बंडीमागचा मावळता सूर्य घेणाऱ्यांनी हुड खिशात ठेवावा.

रुई, फुफाटा, चिकटा

रबराला रुई चिकटते. वेचणीच्या शेतात कमी, जिनिंगच्या आवारात फार. हुडच्या आत ज्या बारीक कड्या असतात त्या प्रकाश परतू नये म्हणून. पण रुई आणि काळ्या मातीची धूळ तिथेच साचते. धुळीने त्या राखाडी झाल्या की हुडची आतली बाजू प्रकाश शोषायची सोडून परत फेकते, म्हणजे हुड लावून फ्लेअर वाढवला. फुंकणीने ही धूळ निघत नाही, उलट काचेवर बसते. हुड लेन्सवरून काढायचा, पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब, जुना दात घासायचा ब्रश, मग सावलीत वाळवणं. कड्याच्या खोबणीत पाणी राहतं, ते फडक्याच्या टोकाने टिपायचं.

चमक यावी म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचा सल्ला कुणीतरी देतंच. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. रॉकेलने तर लवकरच. पावडर लावली तर ती काचेवर जाणार. काहीच लावू नका.

रात्री: झाडीपट्टीचा मंच

दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे नाटकं सुरू झाली की हुडची खरी कमाई होते. मंचाच्या मागच्या आणि बाजूच्या दिव्यांचा झोत प्रेक्षकांकडे येतो. हे दिवे चौकटीबाहेर पण बरेच बाजूला असतात, त्यामुळे 54 अंशांचा हिशेब इथे आपल्या बाजूने लागतो. 55-250, पूर्ण हुड. गर्दीत कोणाचं डोकं किंवा खांदा लागला तर रबर दबतं, लेन्सला धक्का कमी पोचतो.

मात्र दबलेलं रबर आपोआप पूर्ण उघडत नाही. एक बाजू आत अडकून राहते आणि पुढच्या सगळ्या फोटोंत एकच कोपरा काळा येतो. चारही कोपरे सारखे काळे असतील तर घडी चुकली. एकच काळा असेल तर रबर दबलंय. अंधारात बोटाने तोंडाभोवती एक फेरी मारून पाहायची सवय हवी.

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश वापरायचा असेल तर हुड उलटा करा. नाहीतर चित्राच्या खालच्या बाजूला अर्धगोल सावली येते, जवळच्या वस्तूला आणि कमी फोकल लेंथला तर नक्कीच.

काचेला टेकवून

लालपरीची खिडकी उघडते, तिथे हा प्रश्न नाही. बंद काचेच्या एसी गाडीत किंवा रेल्वेच्या एसी डब्यात रबरी हुडसारखं साधन नाही. तोंड पूर्ण काचेला टेकलं की आतले दिवे, पांढरा सदरा, शेजाऱ्याचा मोबाइल, सगळ्यांची प्रतिबिंबं गायब.

कॅमेरा काचेला काटकोनात हवा. तिरका केला की एका बाजूला फट पडते. रबर दबून या हुडला दहा-बारा अंशांची मुभा मिळते, त्यापुढे नाही. जास्त तिरकं पाहायचं तर सिलिकॉनचा मोठा घंटेसारखा हुड लागतो, पण त्याला रुई याच्यापेक्षा जास्त चिकटते.

जोर देऊ नका. इंजिन चालू असताना काच थरथरते आणि दाबून धरलेला कॅमेराही तिच्याबरोबर थरथरतो. नुसतं टेकवायचं, शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान. अपर्चर एफ/5.6 च्या आसपास, म्हणजे काचेवरचे डाग विरघळतात. एफ/16 ला प्रत्येक शिंतोडा मोजता येतो. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, कारण गाड्यांच्या कडक केलेल्या काचेतून तो जांभळे-हिरवे पट्टे दाखवतो. आणि टेकवण्याआधी काचेवरून व रबरावरून फडकं फिरवा, मध्ये वाळूचा कण राहिला तर काचेवर ओरखडा उठतो.

50 मिमी एफ/1.8 एसटीएम वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिचे 49 मिमीचे फिल्टरचे आटे आतल्या, फोकसबरोबर पुढे-मागे होणाऱ्या नळीवर आहेत. रबरी हुड काचेला दाबला की ती नळीच दाबली जाते, फोकस अडतो, आणि धक्का थेट यंत्रणेला बसतो. कंपनीचा ईएस-68 हुड बाहेरच्या अंगावर बसतो. या लेन्सला तोच बरा, काचेसाठी मात्र हाताने आडोसा करा.

एप्रिल-मे

दुपारी ऊन इतकं डोक्यावर असतं की आडव्या कॅमेऱ्याला सूर्य अक्षापासून 90 अंशांच्या जवळपास येतो. नागपूरच्या अक्षांशावर 26 मेच्या सुमारास तर मध्यान्ही सावलीच उरत नाही. अशा वेळी अर्धा हुडही काच पूर्ण झाकतो, रबराची लांबी वाया.

त्रास वेगळाच होतो. पंचेचाळिशीपलीकडच्या उन्हात रबर मऊ पडून पूर्ण उघडलेल्या हुडचा वरचा ओठ खाली झुकतो. 28 ला जो कोपरा साफ होता तो वरच्या बाजूने काळा येऊ लागतो. उन्हाळ्यात ठिपका विसरून पूर्ण हुड 35 पासूनच वापरावा. मोटारसायकलच्या टाकीवरच्या बॅगेत किंवा गाडीच्या काचेखाली हुड ठेवू नये. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबराला आधी घडीच्या रेषेतच बारीक भेगा पडतात. नखाने घडी वाकवून पाहिली की त्या दिसतात. भेग आरपार गेली की प्रकाश आत येतो, मग तो हुड फक्त धक्क्यापुरता.

ठेवताना रबर ज्या आकारात आपोआप स्थिरावतं त्याच आकारात ठेवायचं. या हुडचा तो आकार पूर्ण उघडलेला आहे, म्हणून सुती पिशवीत, उघडाच, आत कागदाचा बोळा घालून ठेवला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला तर चिकटा धरतो.

पुढची चाचणी पोळ्याला: ढगाळ उजेड, मधूनच ऊन, बैलांच्या शिंगांवरचा बेगड. हुडच्या आतल्या कड्यांवर काळं मखमली कापड चिकटवून आणि न चिकटवता, त्याच छत्रीसह.