तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीतून कोणी मोठं झालंय का?

बारावीचा निकाल लागला की इथे नागपुरात ओळखीचे पालक घरी येतात आणि हमखास विचारतात, मॅडम, मुलीला एका छोट्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळतेय, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, तिथून शिकून कोणी नाव काढतं का हो? मी इतिहास शिकवते, त्यामुळे दरवेळी मला अमेरिकेतली फिस्क युनिव्हर्सिटीच आठवते आणि चहा संपला तरी माझं सांगून होत नाही. म्हणून आज लिहूनच टाकते.

टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहर आहे, तिथली ही युनिव्हर्सिटी, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना शिकता यावं म्हणून काढलेली. आजही मुलं हजाराच्या आसपासच. सुरू झाली १८६६ मध्ये, म्हणजे गुलामी संपून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, लष्कराच्या जुन्या हॉस्पिटलच्या बराकींमध्ये. पैसे इतके नव्हते की गुलाम विकायच्या जागी पडलेल्या गंजक्या बेड्या मुलांनी गोळा केल्या, भंगारात विकल्या आणि त्यातून मुळाक्षरांची पुस्तकं आणली असं सांगतात. मला हे वर्गात सांगताना दरवेळी थांबावं लागतं.

पाच वर्षांत बंद पडायची वेळ आली. मग १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्ज व्हाइट हे खजिनदार नऊ मुलामुलींना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाले, त्यातले बरेचजण गुलामीतच जन्मलेले. त्याच दिवसांत शिकागोला मोठी आग लागली होती, तर या मुलांनी सुरुवातीच्या कार्यक्रमाचे मिळालेले थोडेसे पैसेसुद्धा आगग्रस्तांना देऊन टाकले! पुढे आईवडिलांची गुलामीतली गाणी, जी ते आपसातच म्हणायचे, ती स्टेजवर गायला लागले आणि लोक रडायला लागले. १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियापुढे गायले. त्या पैशातून जी इमारत झाली तो ज्युबिली हॉल अजून उभा आहे.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले अभ्यासक आणि लेखक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १८८८ मध्ये तिथूनच पदवीधर झाले. हार्वर्डने फिस्कची पदवी पूर्ण धरली नाही, पुन्हा बीएच्या तिसऱ्या वर्षाला बसवलं, तरी १८९५ मध्ये हार्वर्डची पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं, की अस्पृश्यांची आणि तुमच्या लोकांची स्थिती फार सारखी आहे, तुमच्यातर्फे संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज गेलाय त्याच्या प्रती पाठवा. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे म्हणून.

आणि नागपूरचा धागा तर अगदी घरातला. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट मिशनरी १९५३ पासून तीनेक वर्षं आपल्या हिस्लॉप कॉलेजात होते, गांधीजींचा मार्ग समजून घेत होते, अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्याच पेपरात वाचली. परत जाऊन नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक सत्याग्रहाचे धडे दिले, शिव्या दिल्या, अंगावर थुंकलं तरी हात उचलायचा नाही याची प्रॅक्टिससुद्धा घेतली. त्यात फिस्कची डायान नॅश होती. १९ एप्रिल १९६० ला तिने महापौरांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं की नुसत्या रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला चूक वाटतं का, आणि ते हो म्हणाले. तीन आठवड्यांत दुकानांमधले जेवणाचे काउंटर, जिथे तोवर फक्त गोऱ्यांनाच बसू देत, सगळ्यांना खुले व्हायला लागले. नॅशने पदवी पूर्ण केली नाही, म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या यादीत ती बसते की नाही कोण जाणे, माझ्या यादीत ती वरती आहे. त्याच वर्गांना येणारे जॉन लुईस १९६७ मध्ये फिस्कमधून बीए झाले आणि नंतर तेहतीस वर्षं अमेरिकन संसदेत होते.

पण पालकांना मी जास्त सांगते ते जॉन होप फ्रँकलिन यांचं. वकील व्हायला आलेला मुलगा, थिओडोर करिअर नावाच्या सरांच्या तासाला बसला आणि इतिहासाचा झाला. १९३५ मध्ये हार्वर्डला प्रवेश मिळाला पण घरी पैसे नाहीत, मंदीचे दिवस, तर करिअर सरांनी स्वतः बँकेतून पाचशे डॉलरचं कर्ज काढून त्याच्या हातात दिलं. पैशापायी तू थांबणार नाहीस, एवढंच त्यांचं म्हणणं. हाच मुलगा पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एवढा मोठा अभ्यासक झाला. म्हणून रँकिंग नंतर बघा हो, आधी तिथे शिकवतं कोण आणि मुलं अडली की ते काय करतात ते विचारून या.

असे शिकवणारे फिस्कमध्ये आणखीही होते. सेंट एल्मो ब्रेडी १९०८ चे फिस्कचे पदवीधर, तिथल्याच टॅली सरांमुळे केमिस्ट्रीकडे वळलेले. १९१६ मध्ये केमिस्ट्रीत पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. १९२७ ला ते फिस्कला परत आले, पंचवीस वर्षं तिथला केमिस्ट्री विभाग सांभाळला, आणि रिटायर झाल्यावर मिसिसिपीतल्या टूगालू नावाच्या आणखी एका छोट्या कॉलेजात केमिस्ट्रीचा विभाग उभा करायला गेले.