तोडा विझला!

देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या नाशिकरोडच्या घराची तावदानं थरथरायची आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता तोफ कोणती ते सांगायचे. खरं-खोटं करायची आमच्याकडे काही सोय नव्हती. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे बाबा जानेवारीत माझ्याकडे इंग्लंडला आले. राजवाडे दाखवून झाले, बाबा कंटाळले, म्हणून एका शनिवारी त्यांना नँटविचला नेलं.

चेशायरमधलं हे छोटंसं गाव. इंग्लंडच्या यादवी युद्धात 25 जानेवारी 1644 रोजी पार्लमेंटच्या फौजेने इथे राजाच्या फौजेला हरवलं. त्या विजयाची आठवण म्हणून लोक टोपीत हॉली या काटेरी पानांच्या झाडाची डहाळी खोचायचे. आपल्या दसऱ्याच्या आपट्याचं भावंडच म्हणा. आता ‘सील्ड नॉट’ ही 1968 साली निघालेली हौशी संस्था ती लढाई मैदानात पुन्हा लढते.

लढाई ठीकच. आम्ही रमलो ते बंदुकवाल्यांच्या कवायतीत. ही तोड्याची बंदूक, गारेच्या ठिणगीवर उडणारी चकमकीची नव्हे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी म्हणजे तोडा. तो दोन्ही टोकांनी पेटता ठेवून डाव्या हाताच्या बोटांत धरायचा, आणि त्याच गड्याच्या छातीवर दारू भरलेल्या लाकडी डब्यांची माळ!

“अगं, हा तर चालताबोलता सुतळी बॉम्ब,” बाबा म्हणाले.

शेजारचाही तसाच, आणि त्याच्या शेजारचाही. एकाचा हात चुकला तर अख्खी रांग भाजायची. बंदुकीच्या कानाशी, म्हणजे नळीच्या बारीक भोकाशी, रंजक (बार पेटवणारी चिमूटभर दारू) घालायची, झाकण लावायचं, बाहेर सांडलेले कण फुंकरीने उडवायचे, मगच पेटता तोडा जवळ आणायचा. 1607 साली याकोब द गेन या चित्रकाराने डच फौजेच्या कवायतीची चित्रं छापली. त्यात एकट्या मस्केटचे, म्हणजे तोड्याच्या जड बंदुकीचे, 43 पवित्रे आहेत. फुंकर मारण्याचंसुद्धा वेगळं चित्र! ऐन लढाईत मात्र हे सगळं तीन हुकमांवर यायचं: तयार व्हा, नेम धरा, बार काढा.

इथे नळीत गोळी नसते, पण दारू खरी असते. त्यासाठी पोलिसांचा परवाना लागतो, हे ऐकून बाबांनी समाधानाने मान हलवली.

पावसाची भुरभुर सुरू झाली. “डावीकडून चौथा. तोडा विझलाय त्याचा,” बाबा पुटपुटले. मला तर सगळे सारखेच दिसत होते. हुकूम झाला, चाप ओढले गेले, रांगभर धूर उठला आणि चौथ्याची बंदूक मुकी! त्याने ओशाळं हसत शेजाऱ्याच्या तोड्यावरून आपला पेटवून घेतला, अगदी विडीवरून विडी पेटवावी तसा.

पुढच्या बाराला सगळ्या बघ्यांनी कान झाकले. बाबांनीही झाकले, आणि वर तोंड चांगलं आ करून उभे राहिले. तोफखान्याची सवय. शेजारची गोरी आजी त्यांच्याकडे बघतच राहिली.