काळ्या रानावरचं अंगण : दगडी भिंत, पेव्हर आणि थोडी हिरवळ

फेब्रुवारीत काढलेलं काम परवाच्या पावसातून पार पडलं, म्हणून आज लिहायला बसलोय. मे महिन्यात सगळंच छान दिसत होतं, पण आपल्या भागात अंगण कसं झालंय ते मृगानंतरच कळतं.

घर अंबाजोगाईला. बालाघाटाच्या अंगावर वसलेलं गाव, सपाट प्लॉट नशिबानेच मिळतो. आमच्या घरापुढे ३२ फूट रुंद आणि २२ फूट खोल जागा आहे. डावीकडून उजवीकडे जवळपास तीन फुटांचा उतार, आणि उजव्या बाजूला खाली शेजारच्या तात्यांचं आवार. घर बांधताना कुणीतरी काळी माती आणून हा उतार भरून काढला होता आणि ती माती अडवायला विटांची नऊ इंची भिंत घातली होती. सगळं दुखणं तिथेच होतं.

चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून या जागेवर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे पेव्हर, बसवून घेतले होते. त्याने वरची माती खरवडली, इंचभर चुरी (दगडाचा चुरा) पसरली, ब्लॉक मांडले आणि तीन दिवसांत काम संपवलं. दुसऱ्या पावसाळ्यात मधला भाग फुगून वर आला, पुढच्या उन्हाळ्यात कडा खचल्या, गेट ब्लॉकला घासू लागलं. विटांची भिंत पोट काढून तात्यांच्या बाजूला झुकली. काळ्या मातीतली चिकणमाती कणांच्या थरांमध्ये पाणी ओढून घेते आणि फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेच ब्लॉकखालीही चालू असतं. वरून कितीही चांगला माल लावा, खालची जमीन वर्षातून दोनदा हलणार.

त्यामुळे यंदा काही विकत घेण्याआधी पहार घेऊन तीन ठिकाणी खड्डे काढले. डावीकडे गेटजवळ दहा इंचांवर मुरूम लागला. मधोमध दोन फुटांवर. उजवीकडे चार फूट खाली गेलो तरी काळीच. ज्यांना असं काम करायचंय त्यांनी हे खड्डे आधी काढावेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

सुरुवात भिंतीपासून केली. जुनी भिंत उतरवली, तिच्यामागची काळी माती तिरकी कापून काढली. ती फेकावी लागली नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान मुरमाड आहे, तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि पाच ट्रॉल्या घेऊन गेला. आमच्या अंगणात जी माती नको होती, तिच्यावर त्याचं सोयाबीन येणार.

नवी भिंत काळ्या दगडाची. इथे पायाखाली बेसाल्टच आहे, दुसरा दगड लांबून आणण्यात अर्थ नाही. तात्यांच्या बाजूच्या खालच्या जमिनीपासून तीन फूट उंची, आणि तिच्याखाली दीड फूट पाया थेट मुरमावर टेकवलेला. तळाची रुंदी दोन फूट, माथ्याची सव्वा फूट, आणि पुढची बाजू दर फुटाला एक इंच मागे कललेली. ही भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहते, म्हणून तळाची रुंदी उंचीच्या अर्ध्याहून कमी ठेवू नये. सव्वादोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) डबर, म्हणजे ओबडधोबड दगड, लागला, सिमेंट-वाळू एकास सहा. चार फुटांवर जायचं असेल तर मात्र इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या, तिथे अंदाज चालत नाही.

दगडाच्या रचाईबद्दल मी जरा हट्टी होतो, आणि त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमचं घर नुसतं हललं, पण किल्लारीकडच्या गावांचं काय झालं ते पुढे कळत गेलं. तिथल्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि माती, आणि दोन्ही थर बांधून धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तसे थर सुटे झाले आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छपराचं, ओझं माणसांवर आलं. माझी भिंत तीन फुटांचीच आहे, तिच्याखाली कुणी झोपणार नाही, तरीसुद्धा दर चौथ्या फुटाला आरपार जाणारा लांब दगड घातल्याशिवाय मी पुढचा थर चढू दिला नाही. मिस्त्री असे दगड शोधायला कंटाळत होते, मग ढिगाऱ्यातून मीच निवडून एका बाजूला लावून ठेवायला लागलो. दोन दिवसांनी त्यांना ते इतकं सोयीचं वाटलं की ते स्वतःच विचारू लागले, ‘सर, आजचे लांबडे कुठं ठिवलेत?’

खरी ओढाताण झाली ती भोकांवरून. भिंतीत पाणी निघायला तीन इंची पाइप ठेवायचे, हे मिस्त्रींना पटेना. ‘एवढी पक्की भित बांधायची आन् तिला भोकं ठिवायची? पाणी बाहीर यायलंय म्हणून लोक हसतील की सर.’ मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही बारवा पाहिल्यात ना? परभणी जिल्ह्यात चारठाण्याला, वालूरला जाऊन आलोय मी. बारव म्हणजे चारही बाजूंनी माती अडवणारी भिंतच. दगड चुन्याशिवाय बसवलेले, पायरीपायरीने मागे सरकत गेलेले, आणि मागच्या जमिनीतलं पाणी सांध्यांतून हळूहळू आत उतरतं. पाण्याला वाट मिळते म्हणून ते दगड ढकलत नाही. सिमेंटने आपण सगळे सांधे बंद करतो, मग वाट आपणच ठेवायला हवी. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग पाइप कापायला आरी मागितली.

पाच-पाच फुटांवर चार पाइप बसवले, खालच्या जमिनीपासून सहा इंच वर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. भिंतीमागे फूटभर जाडीची खडी, पाऊण ब्रास. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती खडीत शिरून ती बुजते. त्यामागे मुरूम, सहा-सहा इंचांचे थर देऊन ठोकलेला. काळी माती भिंतीमागे पुन्हा घालू नका, हे मी जीव तोडून सांगतो. ओली झाली की ती फुगते आणि भिंतीला आडवी रेटते.

पाइपांचं पाणी तात्यांच्या आवारात जाणार होतं, त्यामुळे काम सुरू होण्याआधीच त्यांच्याकडे चहाला जाऊन सगळं सांगितलं. मग भिंत आमच्या हद्दीत फूटभर आत घेतली आणि पायथ्याशी सिमेंटची उथळ नाली करून ती रस्त्याच्या गटारीला जोडली. फूटभर जागा गेली, पण जुनी भिंत झुकत होती तेव्हा चार वर्षं तात्या एक शब्द बोलले नव्हते. एवढं करणं भागच होतं.

पेव्हरचा भाग तीनशे चौरस फूट : गेटपासून पायऱ्यांपर्यंतची वाट आणि गाडीची जागा. सोळा इंच खोदलं. तळाला जिओटेक्स्टाइल, त्यावर आठ इंच मुरूम चार-चार इंचांच्या दोन थरांत, पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला, मग चार इंच खडी आणि चुरीचं मिश्रण, मग दीड इंच धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू). मुरूम पावणेतीन ब्रास लागला. मुरूम घेताना मुठीत घेऊन ओला करून पाहा. हाताला चिकटला तर त्यात माती जास्त आहे, हायवा (डंपर) परत पाठवा. मी एक परत पाठवला.

ब्लॉक ६० मिलिमीटर जाडीचे, एम-३५ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीची प्रत), साधे आयताकृती. भारतीय मानक आयएस १५६५८ मध्ये हलक्या वाहतुकीसाठी हीच जोडी दिलेली आहे. कारखान्यातून माल उचलताना तो तयार होऊन २८ दिवस झालेत ना, ते विचारून घेतलं. २०० बाय १०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला पन्नास बसतात, तुटफूट धरून दीडेक हजार मागवले. मांडणी आडवी-उभी एकमेकांत अडकणारी. गाडीचं चाक वळताना सरळ ओळी सरकतात, ही मांडणी सरकत नाही. कडेला सगळीकडे काँक्रीटचा पट्टा घातला. गेल्या वेळी तो नव्हता आणि कडेचे ब्लॉक बाहेर पळाले होते.

उतार घरापासून गेटकडे, दर पाच फुटांना एक इंच. लेव्हल पाइपने मी आणि मुलीने तीन वेळा तपासला. तिला पाण्याची ती नळी फार आवडली, आता घरातल्या प्रत्येक टेबलाची पातळी मोजून झालीय. छताचं पाणी पूर्वी या अंगणातच पडायचं. हजार चौरस फुटांच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटरच्या वर पाणी होतं, आणि ते सगळं एका कोपऱ्यात ओतलं जायचं. आता तो पाइप फिल्टरमधून बोअरला जोडलाय. अंगणातलं पाणी गेटजवळच्या शोषखड्ड्यात जातं. तो खड्डा मुद्दाम नव्या भिंतीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात घेतला.

इथे आईचा प्रश्न आला. नकाशा तिला दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘सडा कुठं टाकू रे मी? या ठोकळ्यांवर? आन् कुरडया कुठं वाळू घालू?’ खरं सांगायचं तर मी तिचा विचारच केला नव्हता, सगळी जागा ब्लॉक आणि गवतात वाटून टाकली होती. मग पायऱ्यांसमोर, तुळशीभोवती, आठ बाय दहा फुटांचा तुकडा मातीचाच ठेवला. काळी माती काढून मुरूम घातला, वर चाळलेली पांढरी माती, पाणी शिंपडून धुमसाने आणि शेवटी चोपण्याने चोपून घेतली. चोपणं कसं धरायचं हे आईनेच दाखवलं. सबंध अंगणात मला सगळ्यात आवडतो तो हाच तुकडा. शेणाचा सडा पडला आणि रांगोळी उमटली की भोवतीचे राखाडी ब्लॉकसुद्धा उजळतात. या एप्रिलच्या कुरडया तिथेच बाज टाकून वाळल्या.

हिरवळ शेवटी. आधी मनात चारशे चौरस फूट होती, ठेवली एकशे चाळीस, म्हणजे तेरा चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात गवताला रोजचे पाच मिलिमीटर धरले तर तेराला पासष्ट लिटर होतात. चारशे फुटांना जवळपास एकशे पंच्याऐंशी लागले असते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या स्टेशनवरची गर्दी ज्याने पाहिली त्याला गवतावर पिण्याचं पाणी ओतवत नाही. आमच्या पासष्ट लिटरमध्ये भाज्या-डाळ धुतलेलं आणि आरओतून वाया जाणारं पाणी निम्मं काम करतं. आरओचं पाणी क्षारट असतं, म्हणून ते बोअरच्या पाण्यात मिसळूनच घालतो.

नर्सरीवाल्याने मेक्सिकन गवत सुचवलं. दिसायला मखमल, पण ते फार हळू वाढतं आणि एकदा वाळलेला तुकडा भरून यायला महिने घेतं. मी बर्म्युडा घेतलं. ते आपल्या हरळीचंच जातभाई आहे. हरळी शेतात किती चिवट असते ते सांगायला नको, आणि इथे तोच चिवटपणा उपयोगी आहे. ऊन मात्र दिवसभर हवं, झाडाखाली ते विरळ होतं.

वाफा करताना दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. पहिली लव्हाळा, हे चिवट तण. जमिनीत त्याच्या गाठी असतात, वरून उपटून काही होत नाही. मार्चमध्ये रिकाम्या वाफ्याला पंधरा दिवस पाणी दिलं, लव्हाळा उगवू दिला आणि मग गाठींसकट खणून काढला, असं दोनदा केलं. मग मेमध्ये वाफा ओला करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पाच आठवडे तापवला. अजूनही चार-पाच कोंब दिसतात, ते रोज सकाळी खुरप्याने काढतो. दुसरी गोष्ट शेणखत. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते आणि ती गवताची मुळं खाते. वर्षभर मुरलेलं, काळं, वास नसलेलं खतच घेतलं आणि चाळून, हाताने पाहून पोयटा (गाळाची माती) आणि वाळूत मिसळलं. चाळताना तीन अळ्या सापडल्याच.

गवताच्या लाद्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दोन पाऊस झाल्यावर लावल्या. विटांसारखे सांधे चुकवून, कडा एकमेकींना घट्ट लावून, वर फळी ठेवून दाबत गेलो. दहाव्या दिवशी एक कोपरा हलकेच उचलून पाहिला तर पांढरी मुळं खाली धरली होती.

आणि मग परवाचा पाऊस. रात्री नऊला सुरू झाला आणि तासभर थांबला नाही. मी बॅटरी घेऊन नालीजवळ उभा. वीस मिनिटांनी पहिल्या पाइपातून धार लागली, मग तिसऱ्या, मग चौथ्या. सुरुवातीला मळकट, नंतर स्वच्छ. तात्याही छत्री घेऊन बाहेर आले आणि आम्ही दोघं बोलत न बोलत ती पाहत राहिलो. सकाळी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, भोकं वाहायलीत मामा. ते लगेच सायकलवर आले आणि पाइपांत एकेक बोट घालून पाहून गेले.

पेव्हरवर पाणी कुठेही साचलं नाही. गेटच्या आतल्या बाजूला सात-आठ ब्लॉक पाव इंच बसलेत. तिथे पाण्याच्या पाइपसाठी नंतर चर खोदला होता आणि तो नीट ठोकला गेला नाही. दसऱ्यानंतर ते उचलून खालची भर पुन्हा दाबणार. सांध्यांतली वाळूही थोडी खाली गेलीय, बारीक कोरडी वाळू झाडूने भरून परत एकदा कॉम्पॅक्टर फिरवावा लागेल.

काळजी आहे ती दुसऱ्या पाइपाची. त्याचं पाणी शेवटपर्यंत गढूळच आलं, म्हणजे मागे कुठेतरी कापडाचा जोड उघडा राहिलाय आणि मुरूम वाहून येतोय. पाऊस उघडला की तेवढ्याच तीन फुटांत खडी काढून जोड फूटभर एकमेकांवर चढवून घेणार. तोवर पाइपाच्या तोंडाखाली बादली लावलीय आणि रोज किती गाळ पडतो ते मोजतोय. काल एक मूठ होता, आज त्याहून थोडा कमी.