धोंडो

दुपारी जेवून जरा आडवी झाले तर फॅमिली ग्रुपवर भाचीच्या बाळाच्या नावाचं मतदान सुरू. रेयांश, विआन, कियान, अजून एक काहीतरी ज्याचा अर्थ म्हणे विष्णूचा अंश. मी आपलं गमतीत 'धोंडो' टाकलं. हसून हसून रडणारे चेहरे आले, भाचीने मात्र रागावलेला टाकला.

माझ्या आजोबांचं नाव धोंडोच होतं की. सरळ धोंडा, दगड. आमचे एक काका प्रत्येक लग्नात सांगतात की ते मूळचं ढुंढिराज, काशीचा गणपती वगैरे. असेल कुणाचं, दादासाहेब फाळक्यांचं नाव खरंच धुंडिराज होतं, पण आमच्या धोंड्याला उगाच इस्त्री कशाला? आधीची पोरं जगायची नाहीत म्हणून पुढच्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, भीक मागून आणलाय म्हणायचं, म्हणजे कुणाची नजर पडायला नको, यमाची तर नकोच. दगडू, केरू, भिकाजी सगळे त्यातलेच. कुणी धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू व्हायचा, तो नशीबवान म्हणायचा.

आणि ही नावं लावून माणसं कुठल्या कुठे गेली बघा. टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे खरं तर विनायक, पण विनायक म्हटलं तर ओळखणार कोण? १८५७ चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. आणि धोंडो केशव कर्वे, १८५८ चा जन्म, शंभरीला भारतरत्न आणि १९६२ पर्यंत, म्हणजे १०४ वर्षं जगले! यम दोनचारदा येऊन यादीत 'धोंडो' वाचून परत गेला असणार, माझी खात्री आहे.

आजोबा ओटीवर सुपारी कातरत बसायचे आणि आम्ही विचारायचो की तुमचं नाव दगड का, तर ते डोकं पुढे करायचे, वाजवून बघा म्हणायचे, आणि आम्ही खरंच टकटक करायचो. खरी पंचाईत आजीची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे तिच्या तोंडी जन्मात 'धोंडा' आला नाही. कपडे धुवायचा एवढा मोठा धोंडा, त्याला ती 'खडा' म्हणायची. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करायची तेव्हा 'ते गोडाचं झालं का गं' असं विचारायची आणि आम्ही मुद्दाम 'कुठलं गोडाचं, आजी?' करत मागे लागायचो. मग लाटणं दाखवायची.

आजोबांच्या आधीचे दोघं भाऊ गेले होते म्हणे, बारसं वगैरे होऊन. त्यांची नावं देवाधर्माची, चांगली हौसेने ठेवलेली असणार. घरात आता ती कुणालाच माहीत नाहीत.