25 ची मोटर आणि 16 फुटी होडी

अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, फायबरच्या होड्या दुरुस्त करायच्या आणि ओबीएम म्हणजे बोटीच्या मागे टांगतात त्या मोटरी खोलायच्या, एवढंच काम. नाशकात बोटीच्या मोटरी कोण घेतं असं लोक हसून विचारतात, अहो गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, आजूबाजूला धरणंच धरणं आहेत की.

गणपतीतली गोष्ट. दारणेच्या बॅकवॉटरला मासेमारी करणाऱ्या एका सोसायटीचे चेअरमन, त्यांचा पुतण्या आणि एक म्हातारे नाना असे तिघं आले. घाई होती, पितर सुरू झाले की नवीन वस्तू कोण घेतो. पुतण्याचं घरूनच ठरलेलं, 25 एचपी, त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते. चेअरमन म्हणे 15 बघू. नाना तंबाखू मळत गप्प. मी म्हटलं होडी बघितल्याशिवाय मी मोटर सांगत नाही, माझ्याकडे 9.9, 15 आणि 25 अशा तिन्ही टू स्ट्रोक पडल्यात, टेम्पोत टाकतो, लावूनच बघा.

होडी बघितली आणि निम्मं उत्तर काठावरच मिळालं. 16 फुटी, बुड गोल, मागे निमुळती, वल्ह्यांसाठी बांधलेली. अशी होडी पाणी कापत जाते, पाण्यावर चढून पळत नाही, पळायला मागचं बुड सपाट आणि रुंद लागतं. आणि कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिची लांबी ठरवते, मोटर नाही. पाण्यात टेकलेली लांबी फुटात घ्यायची, वर्गमूळ काढायचं, 1.34 ने गुणायचं, नॉट मिळतात. हिची 15 फूट पाण्यात, म्हणजे 5.2 नॉट, ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. त्याच्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत बसते आणि पेट्रोल नुसतं त्या चढात जातं.

हे सगळं सांगितलं तर पुतण्या म्हणतो, "दादा, गणित राहू द्या, लावा तर खरं."

आधी 9.9. चार माणसं, ओलं जाळं, मासळीच्या जागी पाण्याने भरलेले क्रेट. मोबाईलच्या जीपीएसवर ताशी 9 किलोमीटर. मग तोच लोड ठेवून 15, तर दहाला जेमतेम टेकली, आवाज आणि लाट मात्र दुप्पट. (बऱ्याच कंपन्यांच्या 9.9 आणि 15 चा ब्लॉक एकच असतो, वजनही तेच, फरक कार्बुरेटर वगैरेचा, पण गिऱ्हाइकाला 15 ऐकायला बरं वाटतं.) त्यात आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, कार्बुरेटरच्या मोटरीची साताठ टक्के ताकद तर घाट चढतानाच जाते.

मग 25. ही मोटर पन्नास किलोच्या वर, टांगली तेव्हाच मागची बाजू चार बोटं खाली बसली. पुतण्या हँडलवर, मी शेजारी. त्याने थ्रॉटल पिळला तसं पुढचं टोक आभाळाकडे आणि मागची फळी पाण्याला टेकायला आली, जीपीएस कसाबसा 12. पुढचं काही दिसेना म्हणून घाबरून त्याने थ्रॉटल एकदम सोडला. इथंच घात होतो. होडी थांबते पण तिच्यामागची लाट थांबत नाही, ती आली ती सरळ मागच्या फळीवरून आत, घोट्याच्या वर पाणी. नानांनी काही न बोलता डबा उचलला आणि पाणी उपसायला लागले, मग उपसता उपसताच म्हणाले, "वल्ह्यानं बी हिला जास्त ओढली की ही मागं बसते. मला म्हाईत होतं." मी म्हटलं नाना, मग सकाळीच बोलायचं ना. "मला कोणी इचारलं?"

पुतण्याचा चेहरा उतरला पण 9.9 चाही एक घोळ होताच. दुपारी घाटाकडून वारा सुटला, समोरून वारा आणि लोड, वेग सहावर आला आणि मोटर आरपीएमच घेईना, फुल थ्रॉटलला चार हजारावर अडकली, तिला पाच-साडेपाच लागतात. अशा वेळी लोक मोठी मोटर घेतात. मी मोटरचा पाण्यातला पंखा बदलला. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे जाईल तो आकडा, कंपनीचा पंखा हलक्या बोटीच्या हिशोबाने दिलेला असतो. दोन इंच कमी पिचचा लावला, आरपीएम पाच हजारावर आले आणि त्याच वाऱ्यात होडी आठने निघाली. पेट्रोल म्हणाल तर 9.9 फुलवर तासाला चार-साडेचार लिटर, 25 दहाच्या वर, आणि नाशकात पेट्रोल शंभरच्या पुढे.

चेअरमननी 9.9 घेतली, पितरांच्या आत. उरलेल्या पैशात मी लाइफ जॅकेट आणि एक जास्तीचा पंखा घ्यायला लावला, मोटर बंद करायची लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय चालू करायची नाही हे पुतण्याला दोनदा बजावलं.

तो अजून अधूनमधून फोन करतो, 15 चं कार्बुरेटर 9.9 ला बसतं का म्हणून. या मॉडेलला बसतं. मी त्याला सांगितलेलं नाही.